डिप्लोमा नसताना सीएनसी प्रोग्रामिंगच्या कामापर्यंत

भोसरी एमआयडीसीतील कारखान्यांच्या गेटवर लागणाऱ्या जाहिरातींत ‘डिप्लोमा मेकॅनिकल आवश्यक’ हे शब्द मी इतक्या वेळा वाचले होते, की पुढे पुढे त्याखालचे पगाराचे आकडे वाचण्याचेही मी सोडून दिले. माझे शिक्षण बारावी, तेही कला शाखेतून. ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा माझे काम एवढेच होते, की मशीनवरून उतरलेल्या जॉबची (म्हणजे घडवलेल्या सुट्या भागाची) बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार कड, कानशीने काढायची आणि ते पुसून ट्रेमध्ये रचायचे. तेथून सीएनसी लेथच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या प्रोग्रामिंगपर्यंत येण्यास मला सात वर्षे लागली. त्यांपैकी निदान तीन वर्षे मी चुकीचे दार ठोठावण्यात घालवली, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काही कामांत पात्रतेची अट कायद्याने घातलेली असते. औषधविक्री करायची तर 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टच लागतो आणि वकिली करायची तर कायद्याची पदवी व सनद लागते. तेथे अनुभव कितीही असला तरी उपयोग नाही. सीएनसी मशीन चालवण्यासाठी किंवा त्याचा प्रोग्राम लिहिण्यासाठी मात्र असा कोणताही परवाना लागत नाही. तेथील डिप्लोमाची अट ही बहुतेक वेळा आलेल्या शेकडो अर्जांना लावलेली चाळणी असते, आणि चाळणी लावणारा माणूस वेगळा व रिकाम्या मशीनमुळे ज्याची झोप उडते तो वेगळा.

मी तीन वर्षे पहिल्याकडेच बायोडाटा देत राहिलो. नंतर एका ओळखीच्या सेटरने (मशीनवर टूल व जॉब लावून देणाऱ्या कारागिराने) मला थेट दुसऱ्या कारखान्याच्या शॉप सुपरवायझरसमोर उभे केले. त्यांनी शिक्षणाबद्दल काही विचारलेच नाही. त्यांनी एक ड्रॉइंग पुढे सरकवले आणि त्यातील 25 एच7 (म्हणजे 25 मिमी व्यास, आणि त्यात किती फरक चालेल ते सांगणारी खूण) या भोकावर बोट ठेवून विचारले, “हे भोक 25.03 आले, तर काय करशील?” मी म्हणालो, “या मापाला वरची मर्यादा 25.021 आहे, त्यामुळे तो पीस गेला. मोठे झालेले भोक परत लहान होत नाही. पण पुढचा पीस लावण्याआधी बोरिंग टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठी मशीनला द्यायच्या दुरुस्तीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे 0.02 देईन, म्हणजे माप 25.01 च्या आसपास येईल. आणि आधीचे पीसही तपासून घेईन, कारण माप एकाएकी बिघडले की इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) झिजत झिजत आले, हे त्यांवरूनच कळेल.” त्यातील शेवटच्या वाक्यामुळे मला काम मिळाले, असे त्यांनी पुढे कधीतरी चहा पिताना सांगितले.

हे उत्तर मी कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. हेल्पर असताना दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरकडून परवानगी घेऊन मी स्क्रीनवरचा प्रोग्राम वहीत उतरवून घेत असे आणि खोलीवर गेल्यावर प्रत्येक ओळीपुढे टूल नेमके काय करते ते मराठीत लिहीत असे: जी00 म्हणजे कापण न करता वेगाने जाणे, जी01 म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ कापणे, एम03 म्हणजे स्पिंडल सुरू. नव्याने येणाऱ्यांनी कोड पाठ करण्याच्या मागे न लागता आधी माप घेणे पक्के करावे. 0.01 मिमी अचूकतेचा मायक्रोमीटर हाती घेऊन एकच जॉब दहा वेळा मोजा. दहाही वेळा एकच माप येत नसेल, तर चूक बहुधा हाताच्या दाबात असते. त्यानंतर आकडेमोड. स्पिंडलचा वेग काढण्यासाठी कापण्याच्या वेगाला 1000 ने गुणून त्यास व्यास आणि पाय (π) यांच्या गुणाकाराने भागायचे, म्हणजे 50 मिमी व्यासाच्या जॉबसाठी मिनिटाला 150 मीटर वेग धरल्यास साधारण 955 फेरे येतात. कला शाखेच्या मुलाला हे अवघड वाटेल, असे मलाही वाटत होते. पण यात दहावीच्या गणितापलीकडचे काही नाही.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्राम चालवताना मी झेडचा, म्हणजे लांबीच्या दिशेचा, आकडा चुकवला, सिंगल ब्लॉक (प्रोग्राम एकेक ओळ थांबत चालवण्याची सोय) न लावता सायकल स्टार्ट दाबले आणि टूल होल्डर जॉब पकडणाऱ्या चकवर आदळला. सुपरवायझर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. डिप्लोमा असलेल्याच्या हातून असे घडले, तर ती चूक ठरते. नसलेल्याच्या हातून घडले, तर लगेच शिक्षणाचा विषय निघतो. तेव्हापासून नवीन प्रोग्राम आधी हवेत, जॉबपासून टूल दूर ठेवून चालवून पाहिल्याशिवाय मी जॉबला टूल लावत नाही.

कागदांकडे माझे दुर्लक्ष झाले, तसे तुमचे होऊ देऊ नका. ठेकेदार बदलत राहतात आणि अनुभवाचे पत्र मागायला जावे, तेव्हा कार्यालयाला कुलूप असते. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरील नोंदी कामी येतात, कारण नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या यूएएन या खातेदार क्रमांकाखाली आपण कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतो, हे दिसते. म्हणून निधी कापला जातो की नाही, हे पहिल्याच महिन्यात पाहावे. ज्यांचे वय लहान आहे आणि ज्यांना घरून दोन वर्षांची सवड मिळू शकते, त्यांनी आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अवश्य करावा. दहावीनंतर तो पूर्ण केल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. मला ती सवड नव्हती, आणि त्याची किंमत मी अजून मोजतो आहे. आमच्या येथील वेतनश्रेणी शिक्षणावर ठरते, त्यामुळे गेली चार वर्षे प्रोग्राम मी लिहितो, नवीन आलेल्या डिप्लोमाधारकांना पहिला पीस मंजूर करून देण्यापर्यंत मीच शिकवतो आणि माझ्या ओळखपत्रावर मात्र अजूनही ‘ऑपरेटर’ असेच छापलेले आहे.