उपग्रहाच्या फोटोवरून सड्याचा नकाशा कसा करावा

सडा म्हणजे जांभ्याचं, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचं, सपाट पठार. कोकणात खडक वरून सहजासहजी दिसत नाही. कुठे गवत, कुठे कलमं, कुठे रान. म्हणून फोटोत खडक शोधायचा नाही, त्यावर काय उगवलंय ते वाचायचं.

पहिल्या खेपेला रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातला एखादाच सडा घ्या. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दृश्य रंगांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. पावसाळ्यात ढगच दिसतील. तारीख डिसेंबर-जानेवारीची निवडा. तेव्हा सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, उतारावरचं रान मात्र हिरवं, त्यामुळे जांभ्याची कड आपोआप उठते.

आता चित्र क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि लाल, हिरव्या, निळ्या जागी उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशाचे ८, ४, ३ क्रमांकाचे पट्टे (बँड) लावा. झाडी लालभडक दिसेल. लाल ठिपक्यांची आखीव जाळी म्हणजे बहुधा कलमांची बाग. ती सोडून कडेची रेघ ओढा. काळा डाग दिसला की लगेच काळवत्री (काळा बेसॉल्ट खडक) समजू नका. मी एकदा असा मोठा डाग रंगवला, जाऊन पाहिलं तर गवत जळलेलं! तेव्हापासून दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय मी रंग भरत नाही.

खडकातल्या भेगांचं काम चिवट. सरळसोट पऱ्या (लहान ओढे), एकाएकी काटकोनात वळलेली खाडी, अशा खुणा टिपा; रस्ते आणि विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी वगळा. सेंटिनेल इथून सकाळी अकराच्या सुमारास जातो. हिवाळ्यात सूर्य तेव्हा आग्नेयेला असतो, म्हणून वायव्य-आग्नेय भेगांना सावलीच पडत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या बऱ्याच भेगा साधारण त्याच रोखाच्या. उपाय आहे: इस्रोच्या भुवन पोर्टलवरून कार्टोसॅट उपग्रहाचं उंचीचं मॉडेल घ्या, क्यूजीआयएसमध्ये उतारछाया (हिलशेड, उतारांवरच्या उजेड-सावलीचं चित्र) काढा. तिथला मूळचा ३१५ अंशांचा प्रकाशही वायव्येचाच. तो ६० करा, म्हणजे उजेड भेगांना आडवा पडेल.

मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरचा नकाशा शेजारी ठेवा. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर जांभ्याखाली काळवत्रीच असेल असं धरू नका, तिथे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत.

शेवटी गाडी काढा. आधी चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) गाठा, साध्या रंगांच्या फोटोत ती पायऱ्या कापल्यासारखी तांबडी चौकट दिसते. मालकाला विचारून भिंतीजवळ जा. नंतर रस्त्यासाठी कापलेले उतार आणि गावातल्या विहिरी बघा. जांभा कुठे संपतो ते मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा आणि घरी येऊन ती रेघ पुन्हा ओढा.