डिस्प्ले पॅनेल कंपन्यांच्या शेअरविषयीची मते कशी पारखावीत

टीव्ही, मोबाइल आणि संगणकांचे पडदे बनवणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात ‘तंत्रज्ञान’ या वर्गात मोडतात, आणि म्हणून त्यांच्याविषयी मत मांडणारे अनेक जण सॉफ्टवेअर किंवा चिप कंपन्यांची मोजपट्टी त्यांनाही लावतात. माझ्या मते बहुतेक चुकीच्या निष्कर्षांचे मूळ इथेच आहे. पॅनेलचा धंदा स्वभावाने पोलादाच्या धंद्याजवळ जातो: कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागते, एका कंपनीच्या आणि दुसरीच्या मालात खरेदीदाराला फारसा फरक जाणवत नाही आणि भाव बाजार ठरवतो. हे ध्यानात ठेवून पुढील पायऱ्यांनी एखादे मत तपासावे.

पहिली पायरी: मताची तारीख पाहा

या उद्योगातील तेजी-मंदीच्या फेऱ्याला ‘क्रिस्टल सायकल’ असे नाव आहे. भाव चढले की सगळे एकाच वेळी नवे कारखाने काढतात, ते सुरू होईपर्यंत मागणी ओसरलेली असते आणि भाव कोसळतात. २०२० च्या मध्यापासून, लोक घरी अडकलेले असताना, टीव्ही पॅनेलचे भाव वर्षभरात साधारण दुपटीपर्यंत गेले. २०२२ च्या शरद ऋतूपर्यंत ते तेजीपूर्वीच्या पातळीच्याही खाली आले. तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स या दोन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये मोठा नफा कमावला आणि २०२२ मध्ये तोटा दाखवला.

म्हणून ‘शेअर नफ्याच्या अवघ्या चार-पाच पट भावाला मिळतो आहे, म्हणजे स्वस्त आहे’ असे वाक्य दिसले की तिथे थांबावे. अशा चक्रीय उद्योगात किंमत-उत्पन्न गुणोत्तर सर्वांत कमी दिसते ते नफा शिखरावर असताना, म्हणजे नेमके धोक्याच्या वेळी. तोट्याच्या वर्षात तर ते काढताच येत नाही. त्यापेक्षा पुस्तकी मूल्याशी (हिशेबातील मालमत्ता वजा देणी) तुलना करणारे आणि मागील दोन-तीन फेऱ्यांमधील तळ व शिखर समोर ठेवणारे मत मला अधिक विश्वासार्ह वाटते. मात्र पुस्तकी मूल्यातही जुन्या यंत्रांची किंमत धरलेली असते, आणि ती यंत्रे उद्या मोडीत काढावी लागली तर ते मूल्य तितके उरत नाही.

दुसरी पायरी: क्षमतेचा विचार झाला आहे का ते पाहा

मागणीविषयी सगळेच बोलतात, पण पुरवठ्याविषयी थोडेच जण लिहितात आणि भाव ठरवण्यात पुरवठ्याचा वाटा मोठा असतो. कारखान्याची ‘पिढी’ म्हणजे तो वापरत असलेल्या काचेचा आकार. साडेआठव्या पिढीच्या २२०० × २५०० मिलिमीटरच्या काचेतून ५५ इंची सहा पॅनेल निघतात. साडेदहाव्या पिढीच्या २९४० × ३३७० मिलिमीटरच्या काचेतून ६५ इंची आठ. चीनच्या बीओई या कंपनीने हफेई येथे साडेदहाव्या पिढीचा पहिला कारखाना डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केला, आणि पुढच्या काळात मोठ्या पडद्यांच्या बाजारातील दक्षिण कोरिया, जपान आणि तैवानच्या कंपन्यांचे स्थान डळमळले. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडीचे, म्हणजे मागून दिव्याचा प्रकाश लागणाऱ्या पडद्यांचे, उत्पादन थांबवले. जपानमधील साकाई येथील कारखान्याने २०२४ मध्ये टीव्ही पॅनेल बनवणे बंद केले, आणि एलजी डिस्प्लेने ग्वांगझू येथील एलसीडी कारखाना चीनच्या टीसीएलच्या पॅनेल कंपनीला विकण्याचा करार त्याच वर्षी केला.

यावरून ‘आता मोजकेच उत्पादक उरले, त्यामुळे जुना फेरा संपला’ असे मत मांडले जाते. त्यात तथ्य आहे: भाव घसरू लागले की चिनी कंपन्या आता उत्पादन कमी करताना दिसतात. तरीही हा युक्तिवाद करणाऱ्याने क्षमता-वापराची टक्केवारी (एकूण क्षमतेपैकी किती प्रत्यक्ष चालू आहे) दिली आहे का ते पाहावे, कारण थांबवलेली यंत्रे भाव वाढताच पुन्हा चालू करता येतात. शिवाय प्रत्येक कंपनीला उत्पादनाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेत २००८ मध्ये तीन पॅनेल कंपन्यांनी मिळून ५८.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला होता.

तिसरी पायरी: घसारा आणि रोकड वेगळी करा

कारखान्यावरचा पैसा एकदा खर्च झाला की दरवर्षी त्याचा एक भाग घसारा म्हणून हिशेबात खर्च धरला जातो. विक्रीतून काच, रसायने, वीज आणि पगार भागत असतील, तर घसारा धरून तोटा होत असतानाही कारखाना चालवणे परवडते. मंदी लांबते त्याचे हे एक मोठे कारण आहे. उलट घसाऱ्याचा कालावधी संपला की भाव न वाढताही नफा दिसू लागतो, आणि मत देणारा त्याला ‘सुधारणा’ म्हणत असेल तर ती खूण नीट ओळखावी. चिनी कंपन्यांच्या बाबतीत सरकारी अनुदानेही नफ्यात मिसळलेली असतात. मात्र या कंपन्या अनियमित बाबी वगळलेल्या नफ्याचा आकडा वेगळा देतात, आणि मी नेहमी तोच आधी वाचतो.

चौथी पायरी: ग्राहक कोण आहे ते विचारा

जपान डिस्प्ले ही कंपनी सोनी, तोशिबा आणि हिताची यांच्या पॅनेल विभागांतून उभी राहिली आणि मार्च २०१४ मध्ये ९०० येन दराने टोकियो बाजारात आली. तिची विक्री अ‍ॅपल या एका अमेरिकी फोन कंपनीवर फार अवलंबून होती. २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या आयफोन टेनला ओएलईडी (स्वतः प्रकाशणारा) पडदा आला, तर या कंपनीचे बळ एलसीडीत होते. पुढे शेअर १०० येनच्याही खाली गेला. तंत्रज्ञान उत्तम आहे एवढेच सांगणारे मत अशा वेळी अपुरे ठरते.

पाचवी पायरी: आकडे स्वतः पडताळा

तैवानमधील सूचिबद्ध कंपन्यांना दर महिन्याची विक्री पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावी लागते, म्हणून एयूओ आणि इनोलक्सचा कल तिमाही निकालांआधीच कळतो. एलजी डिस्प्ले तिमाही निकालांसोबत विकलेले क्षेत्रफळ आणि प्रति चौरस मीटर सरासरी भाव देते. ट्रेंडफोर्स ही संस्था पॅनेलचे भाव महिन्यातून दोनदा प्रसिद्ध करते. दलालीसंस्थेचा अहवाल असेल तर शेवटची पाने जरूर वाचावीत. अमेरिकी नियमांनुसार संस्थेच्या एकूण शिफारशींपैकी किती टक्के ‘खरेदी’ आणि किती ‘विक्री’ आहेत हे तिथे सांगावे लागते.

सहावी पायरी: मत नेमके कोणत्या धंद्याविषयी आहे ते ठरवा

कॉर्निंग काच विकते, युनिव्हर्सल डिस्प्ले ओएलईडीची रसायने आणि पेटंटचे परवाने विकते. पॅनेलच्या भावातील चढउतार त्यांना वेगळ्या रीतीने लागतो, म्हणून त्यांच्याविषयीचे मत पॅनेल उत्पादकाला लावू नये. एकच कंपनीही बदलते. इनोलक्सने २०२४ मध्ये ताइनान येथील आपला एक कारखाना चिप बनवणाऱ्या टीएसएमसीला विकला आणि जुन्या काच-तंत्राचा वापर चिप पॅकेजिंगसाठी (तयार चिप आवरणात बसवून जोडण्यासाठी) करण्याची योजना पुढे नेली. तेव्हा इनोलक्सविषयी उत्साही मत वाचताना तो उत्साह टीव्ही पॅनेलच्या भावाबद्दल आहे, मालमत्ताविक्रीतून आलेल्या एकवेळच्या रकमेबद्दल आहे की अजून छोट्या असलेल्या पॅकेजिंगच्या कामाबद्दल, हे वेगवेगळे लिहून काढावे आणि प्रत्येकासमोर तिमाही अहवालातील संबंधित आकडा मांडावा.