डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर घेताना: कान आणि शेपूट शाबूत ठेवण्याचा निर्णय कसा घ्यावा आणि कसा पाळावा

डॉबरमन, रॉटवायलर किंवा कॉकर स्पॅनियल घ्यायचे ठरवणाऱ्या बहुतेक कुटुंबांना शेपटीचा प्रश्न पडतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पिल्लाचे शेपूट जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कापले जाते आणि आपण ते पाहायला जातो ते चार-पाच आठवड्यांचे झाल्यावर. कान मात्र बहुधा सात ते बारा आठवड्यांच्या वयात कापतात, म्हणजे पुष्कळदा पिल्लू आपल्या घरी आल्यानंतर, आपल्या संमतीने आणि आपल्याच पैशाने. त्यामुळे हे दोन निर्णय दोन वेगळ्या वेळी घ्यावे लागतात. शेपटीचा निर्णय मादी गाभण असतानाच ब्रीडरला सांगावा लागतो, तर कानांचा निर्णय लसीकरणाच्या पहिल्या भेटीपूर्वी घरात पक्का झालेला असावा लागतो.

निर्णय घेताना मी एकच कसोटी सुचवेन. या विशिष्ट कुत्र्याला आज असा कोणता आजार किंवा इजा आहे, जी या शस्त्रक्रियेने बरी होणार आहे? शेपटीत गाठ झाली असेल, हाड मोडून ती निर्जीव झाली असेल, टोकाची जखम वारंवार चिघळत असेल, तर पशुवैद्य शेपटीचा भाग काढण्याचा सल्ला देतात आणि तो मानलाच पाहिजे. कानाच्या पाळीवरील गाठीचेही तसेच. पण निरोगी पिल्लाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर 'कोणताही नाही' असे येते, आणि मग त्या कापण्याचा लाभ कुत्र्याला नव्हे, तर पाहणाऱ्याच्या नजरेला होतो हे मान्य करावे लागते. दुसऱ्याच्या नजरेसाठी, ज्याला संमती विचारता येत नाही अशा जिवाचा अवयव काढणे मला कोणत्याही युक्तिवादाने योग्य ठरवता आलेले नाही.

तरीही युक्तिवाद होतात आणि ते ऐकून घेऊन त्यांना उत्तर देणे हा या कामातला सर्वांत मोठा भाग आहे. पहिला युक्तिवाद असा की, इतक्या लहान पिल्लाला वेदना कळतच नाहीत. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० पिल्लांची शेपटे कापताना निरीक्षण केले गेले, तेव्हा सर्वच पिल्ले कापण्याच्या क्षणी ओरडली. नवजात पिल्लात वेदना मेंदूकडे नेणारे मार्ग असतातच. वेदना दाबून धरणारी यंत्रणा मात्र पुरती विकसित झालेली नसते, त्यामुळे त्याला ती कमी नव्हे तर अधिक जाणवत असण्याची शक्यता आहे. शेपूट म्हणजे केसांचा झुपका नाही. त्यात मणके, स्नायू, रक्तवाहिन्या आणि चेता असतात, आणि कापलेल्या चेतेच्या टोकाला कधी कधी वेदनादायी गाठ धरते. हे काम बहुधा भूल न देताच केले जाते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा युक्तिवाद लोंबत्या कानांच्या संसर्गाचा. तो ऐकताना सयुक्तिक वाटतो, पण लॅब्रॅडॉरचे कान लोंबतात, बीगलचे लोंबतात, आणि ज्या कॉकर स्पॅनियलच्या कानांना संसर्गाचा बराच त्रास होतो त्याचे कान कोणीच कापत नाही. त्याचे कापतात ते शेपूट. कान कापण्यामागे आरोग्याचा हेतू असता, तर सुरुवात कॉकरपासून झाली असती.

तिसरा युक्तिवाद आपल्या नाशिक जिल्ह्यात विशेष ऐकू येतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत राखणीला कुत्री ठेवतात, आणि तारेच्या कुंपणात, मांडवाच्या खांबांमध्ये शेपूट अडकून इजा होईल, म्हणून ते आधीच कापलेले बरे, असे शेतकरी मनापासून सांगतात. ही काळजी खोटी नाही. परंतु ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी तपासणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेपटीच्या इजेचे प्रमाण अवघे ०.२३ टक्के निघाले आणि एक इजा टाळण्यासाठी सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटे कापावी लागतील, असा हिशेब मांडला गेला. इंग्लंडच्या कायद्यातही सवलत आहे ती ठरावीक कामकरी कुत्र्यांपुरती. गंगापूर रोडवरील बंगल्यात वाढणाऱ्या बॉक्सरला ती तिथेही लागू झाली नसती.

कुत्र्याचे नुकसान केवळ जखमेपुरते नसते. डॉबरमनच्या कापलेल्या, ताठ कानांकडे जवळून पाहिले, तर ते कायम सावध, कायम रोखलेले दिसतात. शाबूत कान असलेला डॉबरमन मात्र घरच्या माणसाला पाहून ते मागे चापून बसवतो, अनोळखी आवाजाकडे मुळापासून उचलून धरतो, संकोचला की बाजूला पाडतो. शेपटीचेही असेच. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की मालकाला पाहून कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक झुकते, आणि अनोळखी, दबाव आणणारा कुत्रा दिसला की डावीकडे. २००८ मध्ये कॅनडात यांत्रिक कुत्र्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावून पाहिले, तेव्हा लांब शेपूट हलत आहे की स्थिर आहे हा फरक मोठ्या कुत्र्यांनी ओळखला. आखूड शेपटीबाबत त्यांना तो नीट ओळखता आला नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी दोन अनोळखी कुत्री समोरासमोर येतात, तेव्हा हा फरक पुस्तकी राहत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० याच्या कलम ११(१)(ल) नुसार प्राण्याचा अवयवच्छेद करणे हा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. त्याच कलमात गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीने केल्यास सूट दिली आहे. कुत्र्याचे कान किंवा शेपूट त्या सूटीच्या यादीत नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये दिसण्यासाठी अशा शस्त्रक्रिया करण्याविरुद्ध भूमिका घेतली. पुढे त्यावरून न्यायालयीन वादही झाले. दंडाचा धाक एवढा किरकोळ असल्यामुळे खरे बळ खरेदीदाराच्या नकारातच आहे.

तो नकार असा द्यावा. पिल्लू नोंदवताना, म्हणजे वेत होण्यापूर्वी, ब्रीडरला फोनवर सांगून भागत नाही. लेखी संदेश पाठवावा आणि उत्तर जपून ठेवावे. भाषा सौम्य पण पक्की असावी: "दादा, या वेतातले एक पिल्लू मी नक्की घेणार आहे. त्याचे शेपूट कापू नका, कानही तसेच ठेवा. कापलेले असेल तर मी घेणार नाही, आणि न कापल्याबद्दल किंमत कमी करा, असेही म्हणणार नाही." शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण लांब शेपटीचे पिल्लू विकले जाणार नाही ही बऱ्याच ब्रीडरांची खरी भीती असते. 'शोमध्ये चालत नाही' असे उत्तर आले, तर सांगावे की डॉबरमनच्या मायदेशी, जर्मनीत, कान कापण्यास १९८७ पासून आणि शेपूट कापण्यास १९९८ पासून बंदी आहे आणि या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आता नैसर्गिक कान व नैसर्गिक शेपूटच वर्णिलेले आहे. पिल्लू जन्मतःच बिनशेपटीचे होते, असे कोणी म्हटले तर जात विचारावी: पेम्ब्रोक कॉर्गीसारख्या काही जातींत ते घडते, डॉबरमन आणि रॉटवायलर यांत ती सर्वसामान्य गोष्ट नाही. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, तेव्हा घाईने ताबा देणाऱ्यापासून तसेही दूर राहावे.

घरातल्यांना समजावणे कधी कधी ब्रीडरपेक्षा अवघड जाते. आजोबांना डॉबरमन म्हणजे उभे कान एवढेच ठाऊक असते आणि 'असा कसा हा, लॅब्रॅडॉरसारखा दिसतो' हे शेजारीही म्हणतात. वाद घालण्यापेक्षा त्यांना शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सांगावेत: टाके, कानाला चिकटपट्टीने बांधलेले आधार, दर काही दिवसांनी ते सोडून पुन्हा बांधणे, आणि हे सारे आठवडेच्या आठवडे, खेळण्या-शिकण्याच्या वयात. एवढे करूनही कान उभे राहतीलच, याची खात्री नसते.

शाबूत कानांची निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा पाळी उलटून आतली त्वचा पाहावी आणि वास घ्यावा. तपकिरी मळ, लाली किंवा आंबूस वास असेल, तर पशुवैद्याकडे जावे. अंघोळीनंतर आणि पावसाळ्यात फिरून आल्यावर कान कोरडे करावेत. पाळीच्या घडीत आणि कानामागे गोचीड दडून बसतात, तिथे बोटांनी चाचपावे. कानात तेल ओतण्याची आपल्याकडची सवय इथे पूर्णपणे टाळावी; कापसाची काडीही आत घालू नये. दारात शेपूट सापडू नये म्हणून लहान मुलांना दार हळू लावायला शिकवावे. भिंतीवर आपटून टोकातून रक्त येऊ लागले, तर कुत्र्याची बसण्याची जागा ऐसपैस करावी आणि जखमेला वेळेवर उपचार द्यावेत.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला असलेली लहानशी खाच मात्र याच माळेत धरू नये. निर्बीजीकरणाच्या वेळी, भुलेखाली, ती ओळखीसाठी केलेली असते, आणि तिच्यामुळे त्या कुत्र्याला दुसऱ्यांदा पकडून शस्त्रक्रियेला नेणे टळते.

कान किंवा शेपूट आधीच कापलेले कुत्रे तुमच्याकडे असेल, किंवा तुम्ही दत्तक घेत असाल, तर त्याला नाकारण्याचे काहीच कारण नाही. शेपटीच्या खुंटाला हात लावताच ते दचकत असेल, चावायला येत असेल, तर तो हट्ट न समजता पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख दुरून, हळूहळू करून द्यावी. कानाला पट्ट्या बांधलेले पिल्लू घरी आले असेल, तर जखम तपासून घेऊन पट्ट्या पुढे न बांधण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. कान पडले, तरी कुत्र्याचे त्यात काहीच बिघडत नाही. आणि कोणी भूल न देता, घरीच कात्रीने किंवा घट्ट रबर बांधून हे करत असल्याचे कळले, तर तारीख, ठिकाण आणि शक्य असल्यास छायाचित्रे यांसह जवळच्या पोलीस ठाण्यात कलम ११(१)(ल) चा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी, तिची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला पाठवावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.