कातळावरच्या उतारावर रॅम्प बांधताय? संरक्षक भिंतीच्या या चुका टाळा

कोकणात घराचं काम काढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कातळ लागलाय, आता कसली चिंता?" घराच्या पायापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण वरच्या रस्त्यावरून अंगणापर्यंत गाडी उतरवायची, त्यासाठी उताराची एक बाजू कापायची, दुसऱ्या बाजूला भराव टाकायचा आणि तो भराव भिंतीने अडवायचा, असं काम असेल तर कातळच अडचण वाढवतो. खोल मातीत पाऊस थोडा तरी मुरतो. कडक कातळात तो भेगांपुरताच शिरतो, बाकीचं पाणी कातळाच्या पाठीवरून घसरत येतं आणि थेट भिंतीच्या मागे थांबतं.

आकडेच बघा. दोन मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण सव्वा टन रेटा येतो. त्याच भरावात वरपर्यंत पाणी भरलं तर एकट्या पाण्याचाच रेटा दोन टन होतो. मातीचा जवळपास निम्म्यावर येतो, पण जात नाही. एकूण हिशेब दुपटीच्या वर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. म्हणून भिंत कितीही जाड बांधा, पाण्याला वाट नसेल तर ती भिंत नव्हे, धरण झालं. आणि धरणाचं डिझाइन तुम्ही केलेलं नाही.

यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलाच संरक्षक भिंत समजणं. नऊ इंची चिऱ्याची भिंत कुंपण म्हणून ठीक, भराव अडवायला नाही. वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीची पायाशी रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्तच लागते. दोन मीटरच्या भिंतीला सव्वा मीटर पाया म्हटलं की मालक दचकतात. पण उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट, त्यामुळे "अजून दोन थर चढवू" हे वाक्य गवंड्याच्या तोंडून आलं तरी मान डोलवू नका. दीड मीटरच्या वर जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवल्याशिवाय पाया काढू नका. डोंगराळ भागातल्या अशा भिंतींसाठी आयएस १४४५८ हे भारतीय मानकही आहे, त्याबद्दल त्यांना जरूर विचारा.

आता पायाकडे. जेसीबीच्या बकेटला दगड लागला म्हणजे कातळ लागला असं नाही. घाटाकडच्या काळ्या दगडात मुरमात रुतलेले मोठमोठे सुटे धोंडे असतात. वरून अखंड वाटतात, खाली मुरूमच. जांभ्यात दुसरीच गंमत: वर कडक कवच आणि त्याखाली मऊ, चिकट, भिजली की ताकद सोडणारी माती. कापलेल्या कडेला हा थर उघडा पडलेला दिसला तर तिथे थांबाच. पाया अर्धा कातळावर आणि अर्धा मुरमावर बसला की मुरमाकडची बाजू खचते, कातळाकडची जागची हलत नाही आणि दोन्हींच्या सांध्यावर उभी चीर जाते. उपाय दोनच. सगळा पाया एकाच थरावर न्या, नाहीतर जिथे थर बदलतो तिथे भिंतीत मुद्दाम सांधा सोडा.

कातळ उतरता असेल तर त्यावर सरळ काँक्रीट ओतणं आणखी धोक्याचं. गुळगुळीत उतारावर अख्खी भिंत घसरू शकते. कातळात आडव्या पायऱ्या कापा, धूळ धुऊन काढा आणि आरसीसी भिंत असेल तर कातळात ड्रिल करून सळ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बसवून घ्या. भरावाखालच्या कातळालाही हेच लागू: पायऱ्या न कापता टाकलेला मुरूम पहिल्याच पावसात खाली सरकायला बघतो. ब्रेकरने खिळखिळा झालेला दगड तसाच ठेवून त्यावर पाया बांधू नका, सुटं ते सगळं काढा.

पाण्याची वाट म्हणजे नुसते भिंतीतले पाईप नव्हेत. ते तर सगळेच ठेवतात, आणि पुढच्या वर्षी ते गाळाने बुजलेले असतात. तीन-चार इंची पीव्हीसी पाईप, एक ते दीड मीटरवर, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा. सर्वांत खालची ओळ बाहेरच्या जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. पाठीमागे किमान फूटभर जाडीचा स्वच्छ खडीचा पट्टा, आणि खडी व मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. हे कापड वाचवण्यात फार पैसे वाचत नाहीत. उत्खननातून निघालेली चिकण माती मात्र भिंतीमागे अजिबात नको, फुकट मिळाली तरी.

एक उलटा प्रकारही दिसतो. जुना कोरडा गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत, शाबूत असतो, कारण त्याच्या फटींतून पाणी जातं. नवीन मालक येतो, "व्यवस्थित दिसावा" म्हणून त्याला सिमेंटचा गिलावा करतो आणि दोन पावसांत गडगा पोट काढतो. मागे निचऱ्याची सोय न करता गडग्याची तोंडं बंद करू नका.

रॅम्पचा आडवा उतार भिंतीकडे देऊ नका, कापलेल्या बाजूला द्या आणि तिथे पक्कं गटार काढा. भराव अर्ध्या फुटाच्या थरांत दाबा, पण भिंतीपासून मीटरभरात मोठा रोलर नको, प्लेट कॉम्पॅक्टर (हाताने चालवायचं छोटं दाबयंत्र) वापरा. वजन ठरवताना स्वतःची गाडी धरू नका. मे महिन्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. त्याची चाकं भिंतीच्या कडेला नेमकी टेकतात.

भिंत आधीच बांधून झाली असेल तर ती काय सांगते ते बघा. मुसळधार पावसात पाईप कोरडे असणं ही वाईट खूण, पाणी मागेच अडलंय. गढूळ पाणी येत असेल तर भराव वाहून जातोय आणि रॅम्पखाली पोकळी होतेय. रॅम्पवर भिंतीला समांतर चीर पडली, किंवा भिंत मधे फुगली, तर ती सरकू लागली आहे. चिरेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून तारखेसह अंतर लिहा. चीर सिमेंटने बुजवू नका, वाढतेय की नाही हेच मग कळेनासं होतं. ऐन पावसात भिंतीचा पायथा उकरू नका, नवी भोकंही पाडू नका. वरून येणारं पाणी चर काढून दुसरीकडे वळवा, भरावावर ताडपत्री टाका, भिंतीच्या खालच्या बाजूला कोणी राहत असेल तर त्यांना तिथून हलवा आणि इंजिनिअरला बोलवा. दुरुस्ती भराव उतरवून, कोरड्या दिवसांत. तोवर गाडी वरच्या रस्त्यावरच लावा.