क्वेकरांच्या मौन सभेत नवा माणूस आला की या चुका टाळा

क्वेकर हा ख्रिस्ती परंपरेतून आलेला एक पंथ. त्यांच्या इंग्लंडमधल्या मीटिंग हाऊसमध्ये, म्हणजे सभेच्या जागेत, रविवारी सकाळी पहिल्यांदा येणाऱ्याला दिसतात चौकोनात मांडलेल्या खुर्च्या, मधल्या टेबलावर फुलं आणि एक-दोन पुस्तकं. धर्मगुरू नाही, व्यासपीठ नाही, गाणं नाही. माणसं येतात, बसतात आणि गप्प होतात. जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी 1650च्या दशकात रुजवलेली ही उपासना मला फार जवळची आहे. म्हणूनच नवा माणूस एकदा येऊन पुन्हा फिरकत नाही, तेव्हा जीवाला लागतं.

सगळ्यात मोठी चूक दारातच होते. ‘या, बसा कुठेही’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने खोकल्याची उबळ आली. ती दाबताना डोळ्यांत पाणी आलं, पर्स उघडून गोळी काढायचाही धीर होईना. इथे खोकलेलं चालतं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता दारात उभं राहायची पाळी माझी असली की मी एवढं सांगते: ‘तासभर शांतता असेल. मध्ये कुणी उभं राहून थोडं बोलेल, कदाचित कुणीच बोलणार नाही. बोललं तर उत्तर द्यायचं नाही. शेवटी दोन एल्डर, म्हणजे सभेची काळजी घेणारी अनुभवी माणसं, हस्तांदोलन करतील, मग सगळेच शेजाऱ्याशी हात मिळवतील. तेव्हा सभा संपली. खोकला आला तर खोका, बाहेर जावंसं वाटलं तर जा.’ याला एक मिनिटही लागत नाही.

दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा. नेहमीची मंडळी सवयीने तिथेच बसतात आणि उशिरा आलेल्या नव्या माणसाला सगळ्यांच्या नजरेसमोरून पलीकडे जावं लागतं.

आपल्याकडचे पाहुणे येतात तेव्हा एक गोंधळ हमखास होतो. इगतपुरीला दहा दिवस राहून आलेल्यांना वाटतं, ही विपश्यनाच. मग ते श्वासावर लक्ष ठेवून बसतात आणि कुणी बोललं की चिडतात. इथे ठरलेली साधना नाही. सगळ्यांनी मिळून वाट पाहायची असते, आतून काही उमटतंय का याची. मन भरकटलं तर भरकटू द्या, परत आणा. काहीच सुचेनासं झालं तर टेबलावरची ‘अ‍ॅडव्हायसेस अँड क्वेरीज’ ही छोटी पुस्तिका उघडा. तिच्यात 42 छोटे परिच्छेद आहेत. एक वाचून पुस्तिका मिटली तरी पुरतं. दुसरा प्रश्न असतो, ‘ख्रिश्चन व्हावं लागेल का?’ नाही. सदस्य न होता वर्षानुवर्षं येणारे पुष्कळ आहेत. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या, हे सांगितलं की आपली माणसं जरा सैलावतात.

बोलण्याच्या बाबतीत मात्र चुका जुन्याच मंडळींच्या जास्त. एक जण बसतो न बसतो तोच दुसरा उठतो. पहिल्याचे शब्द मुरायला वेळच मिळत नाही, आणि नव्या माणसाला वाटतं ही चर्चा आहे, आपणही मत द्यावं. दोन बोलण्यांमध्ये चांगली शांतता जाऊ द्या. नवा माणूस लांबलचक बोलला तर तिथे टोकू नका. नंतर एखाद्या एल्डरने बाजूला बसून आपुलकीने समजवावं.

मग चहा. इथे आपण नव्याला एकतर एकटं सोडतो, नाहीतर घेरून चौकशी करतो: कुठून आलात, कोणता धर्म, पुढच्या रविवारी येणार ना? दोन्ही टाळा. कप हातात द्या, नाव विचारा, आणि तासभर कसं वाटलं ते ऐका. क्लार्क, एरिया मीटिंग, कन्सर्न हे घरातले शब्द त्या दिवशी नकोत. काही जण रडवेले होऊन बाहेर येतात; त्यांना कारण विचारू नका, जवळ उभे राहा.

आणि पूर्ण तासात कुणीच बोललं नाही, तर नव्याला वाटतं आज काहीतरी बिघडलं. चहा ओतताना तेवढं सांगा, की असे रविवार पुष्कळ असतात, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना तेच सगळ्यात आवडतात.