मामाच्या बेसमेंटमधला टीआरएस-८० मॉडेल १०० परत जिवंत कसा केला (आणि तुमच्याकडे असेल तर तुम्ही कसा कराल)

सगळ्यात आधी एक, जुनं मशीन हाती लागलं की हात शिवशिवतात, चार सेल टाकू आणि बघू चालतंय का, तर तेवढं करू नका. मी केलं. न्यू जर्सीला मामा घर बदलत होता, बेसमेंटमध्ये कॅसेटच्या खोक्याखाली हा टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा, सोबत नेता येणारा जुना कॉम्प्युटर सापडला, त्याने ऑफिसातल्या कुणाकडून तरी जुनाच घेतला होता म्हणे, आणि मी तिथेच टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून यात घातले. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मग ढिम्म.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा १९८३ चा माल. बनवला जपानच्या क्योसेराने, अमेरिकेत विकला रेडिओ शॅक या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांनी, तेव्हाची किंमत १०९९ डॉलर आणि तेवढ्यात मेमरी किती, तर ८ के, म्हणजे ८ किलोबाइट. झाकण नाही, बिजागरी नाही, जाडजूड वहीएवढा चपटा डबा, वर ८ ओळींची स्क्रीन, एका ओळीत ४० अक्षरं, खाली फुल साइझ कीबोर्ड. चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतो, म्हणून तर त्या काळी पत्रकार लोक याच्यावर बातमी टाइप करून फोनच्या लाइनवरून ऑफिसला पाठवायचे. आणि यातल्या रॉममधला (कायमची कोरलेली मेमरी) बराचसा कोड खुद्द बिल गेट्सने लिहिलाय, एवढं स्वतः लिहिलेलं हे शेवटचंच मशीन असं तो नंतर म्हणालाय.

आता कामाला लागू. सेलच्या खोबणीत पांढरी-हिरवी बुरशी दिसते का बघा. मग पालथा करा, खाली मेमरी पॉवर असं लिहिलेलं बारीक स्विच आहे ते ऑफ करा, चार स्क्रू काढा आणि दोन अर्धुकं पुस्तकासारखी हळू उघडा, हळूच, कारण आत वरच्या-खालच्या भागाला जोडणाऱ्या वायरी आहेत आणि झटक्यात उघडलं की त्या उपटून येतात. कुठला कनेक्टर कुठे होता त्याचा फोटो आधी काढून ठेवा. नंतर आठवतं असं वाटतं, आठवत नाही.

बोर्डावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक छोटी बॅटरी सोल्डर केलेली दिसेल, ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम. खरी चोर हीच. याच्यात डिस्क नाही ना, सगळ्या फायली रॅममध्येच (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी), त्यामुळे सेल काढले तरी फायली राहाव्यात म्हणून ही दिलेली, पण चाळीस वर्षांत ती मरते आणि पाझरते. मामाच्या मशीनमध्ये तिच्या पायाशी मोरचुदासारखा हिरवट-निळा थर होता, शेजारची तांब्याची रेघ काळी पडलेली. फायली वाचवायचा प्रश्नच नव्हता, त्या कधीच्या गेल्या. बॅटरी काढून टाका, कचऱ्यात नाही, बॅटरी रिसायकलिंगला द्या, कॅडमियम वाईट. पाझरलेलं द्रव अल्कलाइन असतं म्हणून कानकोरणीच्या कापसावर थोडं पांढरं व्हिनेगर लावा, पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने परत पुसा आणि वाळू द्या. मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून ती रेघ शाबूत आहे का बघा, तुटली असेल तर वरून बारीक वायर टाका. नवी बॅटरी लावायची तर ३.६ व्होल्टचीच निकेल मेटल हायड्राइड लावा. लिथियमचा बटण सेल सरळ लावू नका, हे सर्किट त्याला चार्ज करायला जातं.

दुसरं काम कंटाळवाणं पण टाळू नका: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे चार्ज साठवणारे छोटे डबे. वरून धडधाकट दिसतात, खालून गळलेले असतात. खात्री कशी पटते माहितीये, सोल्डरिंग आयर्न टेकवला की सुक्या बोंबलाचा वास येतो! मामी वरून ओरडली की काय जाळताय खाली. व्हॅल्यू आणि व्होल्टेज बघून सगळेच बदला, एखाददुसरा बदलून परत उघडत बसण्यापेक्षा बरं. प्लस-मायनस उलटं लावू नका. माझी स्क्रीन कपॅसिटर गेल्यामुळेच बंद पडली होती, कारण याला +५ सोबत -५ व्होल्टही लागतात, ते -५ स्क्रीनला जातात, आणि कपॅसिटर गेले की तेच आधी डळमळतात. मल्टिमीटरने दोन्ही मोजा.

अडॅप्टरबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. याला ६ व्होल्ट लागतात आणि आतली पिन निगेटिव्ह, आजकालचे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे असतात. मी तर सरळ सेलच वापरतो.

आता परत जोडा, स्क्रू पिळून पिळून आवळू नका, आतले प्लास्टिकचे खांब तडकतात. खालचं मेमरी स्विच ऑन करायला विसरू नका, मी विसरलो आणि अर्धा तास डोकं धरून बसलो. सेल घाला, उजवीकडचं बटण सरकवा. काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, बाजूची कॉन्ट्रास्टची चकती फिरवा. कचरा दिसला तर कंट्रोल आणि ब्रेक-पॉज दाबून धरून मागचं रिसेट दाबा, मेमरी कोरी होऊन मेनू येतो. बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम, अॅड्रेस, शेड्यूल, आणि खाली उरलेली मेमरी, पूर्ण ३२ के असेल तर २९६३८ बाइट. तारीख बेसिकमध्ये जाऊन टाकायची, पण वर्षाचा १९ आतच पक्का बसवलाय, त्यामुळे २०२५ साली माझ्या मशीनवर १९२५ दिसायचं. मी तसंच चालवून घेतो.

लिहिलेलं बाहेर काढायला यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि नल मोडेम केबल (पाठवायची आणि घ्यायची वायर उलटसुलट जोडलेली) लागते, साधी सिरियल केबल नाही चालत. टेलकॉममध्ये, म्हणजे मेनूतल्या फायली पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये, स्टॅट दाबून ८८एन१ई टाका, म्हणजे ९६०० बॉड (पाठवायचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्रॅमला तेच सेटिंग द्या, मग टर्म दाबा, एफ३ ने फाइल वर जाते, एफ२ ने खाली येते. मराठी रोमनमध्येच टाइप करावं लागतं, पण कीबोर्ड इतका छान आहे की मी बाजाराची यादी पण यावरच करतो.

आणि महिनाभर वापरणार नसाल तर आधी फायली लॅपटॉपवर काढून घ्या, मग सेल काढा, खालचं स्विच ऑफ करा, आणि तेव्हाच कपाटात ठेवा.