फुलवेलींची लागवड: आधार, वळण आणि छाटणी

फुलवेल निवडताना बहुतेकांचे लक्ष फुलांच्या रंगाकडे असते आणि वेल दोन हात वाढून जमिनीवर लोळू लागल्यावरच आधाराची शोधाशोध सुरू होते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. वेल कशाच्या जोरावर वर चढते हे रोप लावण्याआधी पाहिले, तर पुढची निम्मी कामे सोपी होतात.

गोकर्ण आणि गणेशवेल यांचे खोडच आधाराभोवती वेटोळे घालत वर जाते. अशा वेलींचे शेंडे हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतात, हे चार्ल्स डार्विनने 1865 मध्ये सविस्तर नोंदवले होते. त्यांना उभी दोरी, तार किंवा बारीक काठी पुरते. जाड, गुळगुळीत खांबावरून त्या घसरतात. कृष्णकमळ आणि संक्रांतवेल तणाव्यांनी, म्हणजे दोऱ्यासारख्या नाजूक तंतूंनी, पकड घेतात, म्हणून त्यांना बारीक तारांची जाळी द्यावी. बोगनवेलीचे मात्र तसे नाही. ती काट्यांच्या आधाराने इतर झाडांवर रेलते, स्वतःहून जाळी धरत नाही, त्यामुळे तिला आपणच बांधावे लागते. मधुमालतीचे पान गळल्यावर देठाचा कठीण भाग काट्यासारखा मागे राहतो आणि त्याच्या मदतीने ती वर सरकते. या दोन्ही वेली पुढे फार जड होत असल्याने कमान किंवा मांडव सुरुवातीपासूनच भक्कम हवा.

रोप भिंतीला चिकटून लावू नये. भिंतीच्या पायथ्याची माती कोरडी राहते, म्हणून 30 ते 45 सेंटिमीटर अंतर सोडून रोप किंचित भिंतीकडे कलते लावावे आणि जाळी व भिंत यांमध्येही हवा खेळेल एवढी फट ठेवावी. गोकर्णाच्या बियांचे कवच कठीण असते. ते हलकेच घासून बी रात्रभर पाण्यात भिजवल्यास उगवण लवकर होते. बोगनवेल आणि मधुमालती फाटे कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत लावून, सहज लागतात.

आता वळण देण्याविषयी, कारण फुलांची संख्या बरीचशी येथेच ठरते. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांची (जिथून नवे फुटवे निघतात त्या अंकुरांची) वाढ रोखून धरतो, त्यामुळे सरळ वर जाऊ दिलेली वेल पायथ्याशी उघडी पडते आणि फुले फक्त माथ्यावर येतात. तीच फांदी कोवळी असताना आडवी किंवा तिरपी बांधली, तर तिच्या लांबीभर डोळे फुटतात आणि प्रत्येक फुटव्यावर फुले येऊ शकतात. नवे रोप हातभर झाले की शेंडा खुडावा आणि येणाऱ्या फांद्या पंख्यासारख्या पसरवून मऊ सुतळीने सैल बांधाव्यात. सुतळीचा 8 च्या आकड्यासारखा वेढा घेतल्यास फांदी आधारावर घासत नाही.

छाटणीची वेळ मात्र सर्व वेलींना एकच नसते. जाई-जुई नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्यांची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, नवी वाढ सुरू होण्याआधी करावी. संक्रांतवेल हिवाळ्यात फुलते. तिला बहर ओसरताच छाटावे, कारण उशिरा छाटल्यास पुढच्या बहराच्या फांद्याच कापल्या जातात.

पाने भरपूर, पण फुले नाहीत, अशी स्थिती असेल तर प्रथम ऊन पाहावे, कारण यातील बहुतेक वेलींना रोज किमान 5 ते 6 तास थेट ऊन लागते. नंतर खत पाहावे. नत्र जास्त झाल्यास वेल पानांतच गुंतते. गोकर्ण तर शेंगवर्गीय असून मुळांवरील गाठींमुळे तिची नत्राची गरज बरीच भागते. बोगनवेलीच्या बाबतीत पाणीही कारण असू शकते: मुळे रुजलेल्या वेलीला सतत ओल मिळाली की ती पालवतच राहते, म्हणून कळ्यांचा हंगाम जवळ आल्यावर पाने किंचित मलूल झाल्यावरच तिला पाणी द्यावे.